गफूरच्या खालचा गणपत

रफीक,

कब्रस्तानाच्या वाटेवर तुला खांदा द्यायला मिळाला तो जेमतेम मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत. मागून कुणाचा तरी हात आला, मी बाजूला झालो आणि माझ्या जागी एक उंच, दाढीवाला माणूस शिरला. त्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर असावा. तो ढसाढसा रडत होता. मी त्याच्या मागे चालत होतो, डोळे कोरडे, आणि मला त्याचा राग येत होता. हा कोण? याचा रफीकशी काय संबंध? याला रडू येतं आणि मला का नाही?

घरी आल्यावर, आंघोळ करून बसलो तेव्हा कळलं, तो राग नव्हता. मी जळत होतो. तुझ्या बाबतीत मला आयुष्यभर जे वाटत आलं त्याला बहुतेक वेळा हेच नाव द्यावं लागेल, आणि ते तुझ्यापासून कधी लपलं नाही. तू तोंडावर विचारायचास, "जळून राह्यला काय बे, दिवाकर?" मी म्हणायचो, "हो." मग आपण चहा प्यायचो.

म्हणून आताही तेच सांगत बसलोय. तुझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. वणीत सध्या प्रत्येकाजवळ एक रफीक आहे. ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान असलेला माणूस एवढ्या लोकांचा कसा असतो, हे मला खाणीत सर्व्हेयरची नोकरी संपवूनही मोजता आलं नाही.

सुरुवात माझ्या आजोबांपासून झाली. मुकुटबनजवळच्या आमच्या गावी उन्हाळ्यात तू माझ्यासोबत यायचास. आजोबा अंगणात बाजेवर पडलेले असायचे आणि आपण दोघं खाली. ते त्यांच्या बापाची गोष्ट सांगायचे. गणपत मोहितकर. पहिल्या महायुद्धात साहेबानं माणसं गोळा केली त्यात हा गडी गेला. कुणी म्हणे खेचरं हाकायला, कुणी म्हणे खंदक खणायला. गेला तेव्हा आजोबा आईच्या पोटात होते. 'फरानसात' गेला एवढं घरच्यांना ठाऊक होतं, पुढचं काहीच नाही. पणजीनं कुंकू पुसलं नाही. म्हातारी मेली तेव्हाही तिच्या कपाळावर कुंकू होतं.

ही गोष्ट आमच्या घरची. मी ती इतक्यांदा ऐकली होती की आजोबा बोलायला लागले की मी गाईच्या शेपटीकडे बघत बसायचो. तू मात्र विचारायचास. फरानस कुठं आहे? तिथं खेचरं काय खात असतील? त्याच्या पायात बूट होते का? आजोबा उठून बसायचे. तुला जवळ घ्यायचे. तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोलायचे. मी त्यांचा नातू आणि तू पाहुणा, पण ती गोष्ट हळूहळू तुझ्याकडे बघून सांगितली जाऊ लागली.

मोठेपणी मीच ती परत घेतली, असं मला वाटत होतं. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी फ्रान्सचे नकाशे पाहायला लागलो. उत्तरेकडे, बेल्जियमच्या सीमेजवळ, त्या युद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं कोरलेली एक मोठी गोल भिंत आहे हे मला कळलं. ज्यांना थडगंही मिळालं नाही अशांची नावं. मी मोबाईलवर फ्रेंच शिकायला लागलो. बायको म्हणाली, म्हातारपणी याला झालंय तरी काय. सकाळी आपला सायकलचा गट कोळशाचे ट्रक सुरू व्हायच्या आधी मारेगावच्या रस्त्याला निघायचा, तेव्हा मी तुझ्या बाजूनं पॅडल मारत फ्रेंच क्रियापदं म्हणायचो आणि तू हसायचास.

आणि मग तुझ्या सनाला लीलमध्ये नोकरी लागली. त्याच भागातलं मोठं शहर. स्वप्न माझं, पुस्तकं माझी, पणजोबा माझा, आणि मुलगी तुझी. माझा पोरगा पुण्यात असतो, सणाला फोन करतो. तुझी पोर म्हणाली, "अब्बू, काकाले घेऊन या. सायकली मी पाहाते." तुझ्या दुकानाच्या फळीवर बसून तू मला हे सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा एवढा उजळला होता की मी मान खाली घालून फळीवरचे नटबोल्ट निवडत बसलो. तुला वाटलं आनंद लपवतोय. आनंद होता, नाही असं नाही.

तो प्रवास आठवतो तेव्हा आधी वारा आठवतो. सगळा सपाट मुलूख आणि समुद्राकडून येणारा समोरचा वारा. लीलच्या बाहेर कालव्याच्या काठानं निघालो. सनानं दिलेल्या सायकली जड होत्या, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या. शरद ऋतू होता. शेतांच्या कडेला बीटाचे ढीग, ज्यापासून तिकडे साखर करतात. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात कापूस पडतो तसे ते मैलभर पडलेले. लाल विटांची घरं, चर्चचं एक टोक, आणि प्रत्येक गावात, अगदी मुठीएवढ्या गावातसुद्धा, चौकात एक दगड आणि त्यावर त्या गावच्या मेलेल्या पोरांची नावं. एकाच आडनावाची तीन तीन, चार चार. तू प्रत्येक दगडापाशी उतरायचास. मी म्हणायचो, चल, उशीर होतोय. तू म्हणायचास, "थांब बे. एका घरचे हायेत हे."

मागून ट्रॅक्टर आला की तो आपल्या मागेच हळू चालायचा, रस्ता रुंद होईपर्यंत हॉर्नही द्यायचा नाही. तू मागे वळून त्याला सलाम करायचास. "इथं ट्रकवाले आपल्याले साहेब समजून राह्यले," म्हणायचास. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याची तुझी ओळख झालेली असायची. तुला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

सोम नदीकडच्या उतारावर, जिथं नांगरलेली माती खडूसारखी पांढरी दिसते, तिथं एका शेताच्या बांधावर विजेच्या खांबाला टेकवून ठेवलेले गंजके गोळे आपण पाहिले. युद्धातले तोफगोळे. अजूनही नांगराला लागतात, शेतकरी ते बाहेर काढून खांबापाशी ठेवतो आणि सरकारची माणसं येऊन घेऊन जातात, असं त्या शेतकऱ्यानं मला सांगितलं. मला, कारण मी विचारलं होतं. पण त्यानं ट्रॅक्टरवर बसवलं तुला. तुला शेताच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. मी दोन्ही सायकली धरून उभा होतो. परत आलास तेव्हा तुझ्या हातात मातीनं माखलेलं गुंडीएवढं काहीतरी होतं. गणवेशाचं बटण. तू ते त्याला परत दिलंस, म्हणालास, "याच्या मातीतलं हाये, याच्यापाशीच राहू दे." त्याला शब्द कळले नाहीत. तरी त्यानं तुझा खांदा दाबला.

मादाम जिनेटकडे आपण उतरलो ती रात्र, नाही, संध्याकाळच. उजेड होता अजून. ऐंशी कधीच ओलांडलेली बाई, मोठं शेतघर, वाटसरूंना खोल्या देणारी. तू मांस बाहेरचं खात नाहीस आणि मी खातच नाही, हे मी माझ्या पाठ केलेल्या फ्रेंचमध्ये तिला समजावून सांगितलं. ती तुझ्याकडे पाहून हसली आणि अंडी फोडायला लागली. मी अंडीही खात नाही हे सांगायला पुन्हा वाक्य जुळवत होतो तोवर ताट समोर आलं होतं. मी ब्रेड आणि सूप खाल्लं.

जेवण झाल्यावर तिनं आपल्याला कोठारात नेलं. तिथं तिच्या बापाची सायकल होती. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट तिनं सांगितली, तेव्हा ती लहान होती. जर्मन सैनिक गावात येऊन सायकली उचलून नेत होते. तिच्या बापानं रातोरात सायकल खोलली. चाकं गंजीत, हँडल विहिरीत दोरीला, साखळी भिंतीच्या फटीत. आणि घंटी कोंबडीच्या खुराड्यात, खुडुक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली. सैनिकांनी घर झाडून घेतलं, खुराड्यात हात घातला, कोंबडीनं एकाला बोचकारलं आणि आत कुठंतरी घंटी वाजली. सगळं घर गोठलं. मग तो सैनिक, पोरगेला होता म्हणे, हात चोखत बाहेर आला आणि काही बोलला नाही. त्यानं ऐकलं होतं, ती म्हणाली. नक्कीच ऐकलं होतं.

मी एकेक वाक्य तुझ्यासाठी मराठीत करत होतो. रफीक, बोलत होतो मी, आणि ती पूर्ण वेळ पाहत होती तुझ्याकडे. माझं भाषांतर पोचायच्या आधीच तू हसत होतास, आधीच दचकत होतास. घंटी वाजली तिथं तू तोंडावर हात ठेवलास. तिनंही ठेवला. मला त्या कोठारात मी भिंतीवर अडकवलेल्या जुन्या लगामासारखा वाटलो.

सकाळी निघताना तिनं ती घंटी काढून तुझ्या हातात दिली. तू नाही नाही म्हणत राहिलास, तिनं तुझी मूठ मिटवली. मला तिनं वाटेसाठी सफरचंदं दिली. गोड होती. तू मला विचारलंस, जळून राह्यला काय. मी म्हणालो, हो, फार. मग तू ती घंटी दिवसभर माझ्या सायकलला लावून दिलीस. वारा समोरून होता आणि मी ती कारण नसताना वाजवत होतो.

ती भिंत गाठली त्या दिवशी ऊन होतं. न्यू-शापेल गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, रस्त्याच्या वळणावर. आत गोल हिरवळ, एक उंच खांब, त्याच्या पायाशी दोन दगडी वाघ, आणि भोवती नावंच नावं. पलटणीपलटणीनं, रांगेत. शीख, गुरखे, पठाण, गढवाली. शेवटी शेवटी मजूर, खेचरवाले, पाणके. आपल्या दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं.

मी या क्षणाची किती वर्षं तयारी केली होती. काय वाटेल, कसा उभा राहीन, घरी फोन करून काय सांगेन. उभा राहिलो. काही वाटलं नाही. गुडघा दुखत होता, भूक लागली होती. मी नावं वाचत गेलो. गणपत एक सापडला, मग आणखी एक, मग आणखी. बापाचं नाव नाही, गाव नाही, नुसतं गणपत. माझ्या मनात स्पष्ट झालं की यातून काही कळणार नाही. आमचा गणपत जहाजात मेला असेल, मुंबईतच मेला असेल, कुणास ठाऊक. मी तुला म्हणालो, "पाह्यलं. चल, जेवू."

तू ऐकलंच नाहीस. तू बोट ठेवून एकेका गणपतापाशी जात होतास. मग एका जागी खाली बसलास. मजुरांच्या नावांत, जमिनीपासून हातभर वर.

"हा हाये," म्हणालास.

मी विचारलं कशावरून.

"याच्या वरतं नाव पाय. गफूर. माणसाले सोबत लागते, दिवाकर. तो बाकीचा गणपत पाय, त्याच्या आजूबाजूले ओळखीचं कोनी नाही. हा आपला हाये."

मी म्हणालो की नावं अकारविल्हे लावली आहेत, इंग्रजीत गफूरनंतर गणपतच येणार. तू वर पाहिलंस. "तुले अकारविल्हे दिसते. मले सोबत दिसते."

मग तू बूट काढलेस, ओंजळ धरलीस आणि फातिहा म्हणालास. हळू, पूर्ण. म्हणून झाल्यावर मला म्हणालास, आता तुयावालं काही म्हण. मला काही आठवेना. गणपतीच्या आरतीशिवाय माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, आणि ती तिथं कशी म्हणणार? मी नुसता उभा. तू भिंतीला कपाळ टेकवलंस आणि रडायला लागलास. खांदे हलेपर्यंत. माझ्या पणजोबासाठी तू रडत होतास आणि मी कोरडा, हातात तुझं हेल्मेट घेऊन. मी जेवढा त्या मिनिटाला तुझ्यावर जळलो तेवढा कधीच जळलो नाही. त्याची फातिहा तुझ्याकडे, त्याचं रडू तुझ्याकडे. माझ्याकडे काय होतं? आडनाव. तेही भिंतीवर नव्हतं.

बाहेर आल्यावर मी भांडलो. तुला आठवतच असेल. रस्त्याच्या कडेला, बीटाच्या ढिगापाशी. म्हणालो, माझ्या घरच्या माणसाचं नाटक कशाला करतोस. नाटक हा शब्द मी वापरला. तू बराच वेळ सायकलची साखळी बसवत राहिलास, बसलेली असूनही. मग म्हणालास,

"तुया आज्यानं मले सांगतलं होतं. आपन लहान होतो. तू पानी आनाले आत गेलता. म्हने, पोरा, तू जाशीन दुनियेत कुठं कुठं. फरानसात गेला तं माह्या बापाले पाहून येजो. म्या त्याले कधी पाह्यलं नाही."

मी एवढंच विचारलं की इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस. तू म्हणालास, "तू जळला असता."

खरं होतं. पुढच्या गावापर्यंत आपण लांब लांब अंतर ठेवून गेलो. वाऱ्यात मला तुझी पाठ दिसत होती आणि मी विचार करत होतो, पाणी आणायला मीच का गेलो. तुलाही तहान लागली होती की. आजोबांचा निरोप माझा होता. त्यांनी तो तुझ्याकडे दिला कारण तू विचारायचास आणि मी गाईची शेपटी बघायचो. हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्यानं काही कमी झालं नाही.

वणीत परत आल्यावर तू सगळ्यांना सांगत सुटलास, दिवाकरच्या पणज्याले भेटून आलो. शाळांनी बोलावलं, वाचनालयानं बोलावलं. बोलावणं दोघांना असायचं, ऐकायचं तुझं. भिंत, ऊन, गफूर, गणपत. पोरं श्वास रोखून ऐकायची. आणि प्रत्येक वेळी शेवटी मी उठून म्हणायचो, हे नक्की सांगता येत नाही, तो दुसरा कुणी गणपतही असू शकतो. समोरच्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी लग्नात शिंकलो. घरी जाताना तू म्हणायचास, "मान ना बे. तुयं काय जाते?" मी म्हणायचो पुरावा दाखव. किती वेळा झालं हे. शमीमभाभींनी चहा देता देता दाराआडून हसून सांगितलं होतं, की भाऊजी, हे झोपेतही तुमच्याशी भांडतात.

मी का मानत नव्हतो ते तुला ठाऊक होतं का, कोण जाणे. पुराव्याचं कारण खोटं नव्हतं. जन्मभर मोजमापं घेतलेल्या माणसाला अंदाजावर सही करवत नाही. पण मानलं असतं तर तो तुझा शोध झाला असता. न मानता तो कुणाचाच नव्हता. हे मला जास्त सोसवत होतं.

नागपूरच्या दवाखान्यात, तुझ्या ऑपरेशनच्या आधी, त्यांनी मला आत सोडलं तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. सना अजून विमानात होती. तू हातानं मला जवळ बोलावलंस. मला वाटलं भाभींबद्दल, दुकानाबद्दल काही सांगशील. तू म्हणालास, "आता तरी मान."

मी म्हणालो, तू बाहेर ये, मग पाहू. बाहेर येण्यासाठी तुला काहीतरी कारण हवं, असं मला त्या क्षणी वाटलं. भांडण अर्धं ठेवून माणूस जात नाही, अशी माझी समजूत.

तू गेलास.

परवा वाचनालयाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. सायकलच्या गटानं ठेवली होती. संध्याकाळी पाचलाच खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला लागून उभी होती. सना पहिल्या रांगेत बसली होती. भाभी इद्दतमध्ये आहेत, बाहेर पडत नाहीत, म्हणून ती आईसाठी मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करत होती.

आधी व्यापारी बोलले, मग ड्रायव्हरांपैकी एक बोलला. मग कॉलेजातला तो तरुण प्राध्यापक उठला, आपल्या गटात नवा आलेला, तुला 'भाईजान' म्हणणारा. फार चांगलं बोलला. सायकलवर बोलला, तुझ्या हसण्यावर बोलला. आणि मग म्हणाला की रफीकभाई सातासमुद्रापार गेले, सायकल चालवत गेले, आणि महायुद्धात हरवलेल्या आपल्या पणजोबांचं नाव त्यांनी त्या परक्या भिंतीवर शोधून काढलं.

आपल्या. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यानं ती गोष्ट कुणाकडून तरी ऐकली होती, त्यानं आणखी कुणाकडून. सांगणारा तू, रडणारा तू, मग पणजोबाही तुझाच असणार. पुढच्या बाईंनीही तेच धरून ठेवलं, म्हणाल्या, ज्याला पूर्वजांची एवढी ओढ तो माणूस. लोक मान डोलावत होते. सनानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती होती की माफी, ते मला कळलं नाही.

रफीक, मी तिथं बसून पेटलो. मादामचं कोठार, तो ट्रॅक्टर, आजोबांचा हात, सगळं चालवून घेतलं होतं. पण आता माझ्या घरचा माणूसच उचलून तुझ्या नावावर लावला होता, आणि तू तिथं नव्हतास की मी तुला शिव्या द्याव्यात. माझं नाव पुकारलं. मी आठवणी ठरवून आलो होतो, हळव्या, सभ्य. त्यातलं काहीच बोललो नाही.

मी म्हणालो, "एक चूक दुरुस्त करतो. तो रफीकचा पणजोबा नव्हता. तो माझा पणजोबा. गणपत मोहितकर, मुकुटबनकडचा. माझ्या आजोबांचा बाप. मजुरांच्या नावांत, खालच्या बाजूला, गफूरच्या खाली त्याचं नाव आहे. तो गणपत माझा आहे. रफीकनं मला तो शोधून दिला."

बोललो आणि थांबलो. आपण काय बोलून बसलो ते मला तोंडातून गेल्यावर ऐकू आलं. सभागृहात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या लेखी मी एक तपशील सुधारला होता. प्राध्यापक उठून माझी माफी मागत होता, मी त्याला हातानं बसायला सांगत होतो. मी मानलं होतं. तुझ्यासमोर, तुझ्या खाटेशी, तू मागितलंस तेव्हा दिलं नाही ते मी माईकवर, जळून, तुझ्यावर कुरघोडी करायला दिलं होतं.

खाली उतरून खुर्चीवर बसलो. मला रडू आलं. जनाज्याला नाही आलं ते तिथं आलं, नाक गळेपर्यंत, आणि शेजारच्या अनोळखी माणसानं मला रुमाल दिला. त्याला वाटलं असेल, हा कोण एवढा.

काल दुपारी सनाचा फोन आला. म्हणाली, "काका, अम्मीनं रेकॉर्डिंग ऐकलं. तुमचं बोलणं पुन्हा लावायला लावलं." मला वाटलं भाभींना वाईट वाटलं असेल, भर सभेत मी दावा सांगितला म्हणून. सना म्हणाली, "काका, अम्मी हसली. अब्बू गेल्यापासून पहिल्यांदा हसली."

मागून भाभींचा आवाज आला. त्या फोनपासून दूर होत्या, पण ऐकू आलं. "भाऊजी, आखिर मानलं ना तुमी." आणि त्या पुन्हा हसल्या. रडून रडून बसलेल्या गळ्यातलं, खरखरीत, पण हसूच. सनाही हसायला लागली. मग मीही.

फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो तुझ्या दुकानावर जाऊन तुला हे सांगायचा. पायात चपला घालून दारापर्यंत गेलोही होतो.

आयुष्यात बहुतेक चांगलं तुझ्याकडे आधी गेलं आणि मी बाजूला उभा राहून पाहिलं. भाभींचं हे हसू मात्र मला मिळालं, रफीक, आणि तुला मिळालं नाही. तू असतास तर या एका गोष्टीवरून माझ्यावर किती जळला असतास. मी तुला विचारलंही असतं, आणि तूही सरळ हो म्हणाला असतास.